वेध



'वेध' या शब्दापासून आपण सुरुवात करू. ग्रहणापूर्वी 'वेध लागतात' आणि त्या काळात अन्नपाणी वर्ज्य मानले जाते. दुसरीकडे, ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करणे म्हणजेही 'वेध घेणे'. 'वेधशाळा' त्यातूनच आली. एकाच शब्दाच्या एका अर्थात भय आहे, तर दुसऱ्या अर्थात कुतूहल. विज्ञान घेऊन समाजात जाणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन अर्थांमधली वाट चालावी लागते, असे भाषेचा अभ्यासक म्हणून मला वाटते.

ही वाट मराठीला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू करून शास्त्रीय विषय मराठीत आणले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बीण प्रकल्पात दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते आणि विद्यार्थी आपले प्रयोग ग्रामस्थांना समजावून सांगतात. प्रदर्शनात लोक आपल्याकडे येतात. आपण त्यांच्या उंबऱ्याशी जातो, तेव्हा मात्र प्रश्न त्यांचे असतात.

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसणार होते. आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर तेव्हा एका खेड्यात होते. मुलांनी ग्रहणचष्मे आणि बारीक छिद्रे पाडलेले पुठ्ठे तयार ठेवले होते. पण आकाश ढगांनी भरून आले. दाखवायला काही उरले नाही, तेव्हा बोलणे सुरू झाले. विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्याने 'प्रच्छाया' आणि 'उपच्छाया' यांतील भेद अचूक सांगितला. समोरचे चेहरे कोरेच राहिले. तेव्हा बी.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी पुढे होऊन म्हणाली, "आजी, उन्हाला आडोसा आला की सावली पडते ना? आज चंद्राचा आडोसा झालाय." 'आडोसा' हा शब्द पाठ्यपुस्तकातला नव्हता, पण त्याने काम केले.

गर्दी पांगल्यावर कडेला उभी असलेली एक तरुण आई जवळ आली. तिच्या कडेवरील मुलाचा ओठ दुभंगलेला होता. ती हळूच म्हणाली, "सातव्या महिन्यात चंद्राला गिराण लागलं, अन् माझ्या हातनं भाजी चिरली गेली." 'मी चिरली' असे ती म्हणाली नाही. 'माझ्या हातनं चिरली गेली' या रचनेत कृती नकळत घडल्याची कबुली असते. तरीही दोषाचे ओझे ती दीड वर्ष एकटी वाहत होती.

विद्यार्थिनीने उत्तराची घाई केली नाही. "मला नक्की ठाऊक नाही. विचारून संध्याकाळी येते," असे ती म्हणाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून ती खरोखरच परत गेली. बाळाचा वरचा ओठ गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांत जुळून येतो. तो पूर्ण जुळला नाही, तर दुभंग राहतो. कधी आनुवंशिकता कारण असते, कधी नेमके कारण सापडत नाही. शस्त्रक्रियेने तो सुधारता येतो. एवढे सांगून तिने पुढे म्हटले, "ताई, ओठ दुसऱ्या महिन्यात घडला आणि ग्रहण सातव्यात लागलं. मग विळीचा दोष कसा?" ती आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "हे माझ्या सासूबाईंना सांगाल का?"

मित्रांनो, विज्ञानप्रसाराचा खरा आरंभ मला या प्रश्नात दिसतो. आईला पटलेले घराला पटायचे बाकी होते, आणि त्यासाठी व्याख्यानापेक्षा पुन्हा त्या दारी जाणारे माणूस हवे होते. विद्यार्थी असे माणूस होऊ शकतो. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्यात त्याला संकोच नसतो, विचारायचे कोणाला हे त्याला कळते आणि लोकांची बोली त्याच्या कानात असते.

तुमची स्थिती तर याहून अनुकूल आहे. तुम्ही शेत, दुकान, अंगणवाडी, कारखाना सांभाळून शिकत आहात. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी तुम्हांला शिबिराची वाट पाहावी लागत नाही. तुम्ही त्यांच्यातच राहता. आपण मराठीचे विद्यार्थी, विज्ञानाशी आपला काय संबंध, असेही मानू नका. 'प्रच्छाया' आणि 'आडोसा' हे दोन्ही शब्द जाणणारा माणूस आज हवा आहे. पुढच्या ग्रहणाचे वेध लागतील, तेव्हा तुमच्या घरात आणि शेजारी कोणते प्रश्न विचारले जातात, ते आधी ऐका. उत्तर येत नसेल तर शोधा, आणि ते घेऊन परत जा.