कान मोकळे झाल्यावर

पंचाहत्तरी उलटली की लोक तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतात, आशीर्वाद आणि आठवणी. आशीर्वादाला काही खर्च नाही. आठवणींचं जरा अवघड असतं, कारण मागणाऱ्याला काय ऐकायचंय ते आधीच ठरलेलं असतं. रंकाळ्यावर पूर्वी किती शांत असायचं, जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाशी कोण कोण दिसायचं, तांबड्या रश्श्याचा वास किती घरांपलीकडून यायचा. गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाची पोरं माइक घेऊन येतात. “आज्जी, जुन्या कोल्हापूरचं कायतरी सांगा की.” मग मी सांगते. कुठं थांबलं की हशा येतो, कुठं आवाज खाली घेतला की बायका पदर डोळ्याला लावतात, हे आता मला ठाऊक झालंय. सांगून सांगून माझंच आयुष्य मला पाठ झालं. हल्ली तर शंका येते, की मला ती घटना आठवत नाही; गेल्या गणपतीत मी ती कशी सांगितली होती, तेवढं आठवतं.

सध्या तुम्हाला कसला प्रश्न पडलाय, असं मात्र म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. विचारलं तर मी तासभर बोलेन.

माझी नोकरी अशी होती की प्रश्न पडू द्यायचाच नाही. १९७२ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डोक्यावर हेडफोन, गळ्यात अडकवलेला ट्रान्समीटर, समोर भोकांच्या रांगांचा बोर्ड आणि हाताशी दोऱ्यांचे प्लग. गिऱ्हाइकानं १८० फिरवून कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, ते सांगायचं. लाइटनिंगचे पैसे ऐकले की बहुतेक माणसं अर्जंटवर यायची, आणि दोन-तीन तास गेले की आम्हालाच शिव्या द्यायची. ठरावीक माणूसच फोनवर हवा असेल तर पी.पी. कॉल. लाइन लागली की “बोला, बोला” म्हणायचं, दोन्हीकडचा आवाज पोचतोय ना ते ऐकायचं आणि खटका मागं घ्यायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन तेवढं सांगायचं आणि पुन्हा बाहेर.

ऐकायचं नाही, हा नियम होता आणि तो आम्ही पाळलाही. पण पहिला तुकडा कानावर पडायचाच. शाहूपुरीतला गुळाचा अडत्या अहमदाबादच्या पेढीला नमस्कार करायचा आणि लगेच भाव विचारायचा. कुणी बाई मुंबईला लावायची, “अहो, अण्णांचं…” एवढं म्हणायची, आणि खट्. मी बाहेर. त्या अण्णांचं पुढं काय झालं? लग्न ठरलं, वारले, की घर विकलं? कॉलच्या तिकिटावर वेळ लिहायची आणि पुढचा कॉल. अशा किती गोष्टींची मी फक्त पहिली ओळ ऐकली असेल. त्या घरी न्यायच्या नाहीत, हे आम्ही पोरींनी एकमेकींना शिकवलं होतं, नाहीतर झोप लागली नसती. हळूहळू ती सवय रस्त्यावरही आली. महाद्वारातून, भवानी मंडपातून, टाऊन हॉलवरून मी वर्षानुवर्षं आले-गेले. सगळं बघितलं आणि एका कशाचंही ‘का’ विचारलं नाही.

२०१० ला निवृत्त झाले. पहिलं वर्ष झोपण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात शेजारच्या वहिनींनी किरणोत्सवाला नेलं.

कोल्हापूरकराला किरणोत्सव सांगायचा म्हणजे गंमतच, पण बाहेरच्यांसाठी थोडं. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तारखा ठरलेल्या : ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. आकाशात ढग असले, क्षितिजावर धुरकं असलं किंवा वाटेत कुणी मजले चढवले की किरणं अर्ध्यावर थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढीच बातमी असते. त्या संध्याकाळी गर्दीत माझ्या पुढं एक उंच गृहस्थ उभे होते, त्यामुळं मला देवीऐवजी त्यांच्या शर्टाची पाठ दिसली. वहिनी हात जोडून उभ्या. आणि मला एकदम प्रश्न पडला : दोनदा का?

घरी येऊन कॅलेंडर काढलं. २१-२२ डिसेंबर हा सगळ्यांत लहान दिवस. तिथून मागं मोजलं तर १० नोव्हेंबर साधारण एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर. पुढं मोजलं तर १ फेब्रुवारीही तितक्याच दिवसांवर. म्हणजे सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो, परतताना पुन्हा त्याच जागी येतो. बांधणाऱ्यांनी ती एक जागा नेमकी पकडली आणि सूर्यानं दोन फेऱ्या त्यांना दिल्या. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. पण ते आपल्या महाद्वारात घडतं, हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी आमच्या गच्चीच्या कठड्यावर खुणा करायला लागले. शिवाजी पेठेतून पश्चिमेला रंकाळ्याच्या बाजूचं आकाश अजून थोडं उरलंय. दर रविवारी एकाच ठिकाणी उभं राहायचं आणि सूर्य जिथं टेकेल तिथं खडूनं रेघ मारायची. खडू पावसात गेला, तेव्हा उरलेला ऑइलपेंट घेतला. सूनबाई म्हणाली, “आई, कठडा परवाच रंगवलाय.” मी म्हटलं, “मग रेघा उठून दिसतील.”

त्या रेघांतून दुसरा प्रश्न निघाला, आणि तो मला पहिल्यापेक्षाही आवडतो. नोव्हेंबरातल्या आणि फेब्रुवारीतल्या किरणोत्सवात सूर्य एकाच जागी मावळतो, दिवसाची लांबीही तेवढीच. मग घड्याळात अर्ध्या तासाचा फरक का? नोव्हेंबरात सहाच्या आत-बाहेर सगळं आटोपतं. फेब्रुवारीत साडेसहा होतात. अडतीस वर्षं घड्याळाकडं बघून तिकिटं लिहिलेल्या बाईला ही गोष्ट खटकणारच. कुणाला विचारावं? वहिनी म्हणाल्या, “देवीची इच्छा.” मुलगा म्हणाला, “असेल काहीतरी.” अकरावी सायन्सच्या नातीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं आणि मग आम्ही दोघींनी पाट-लाटणं, लिंबू आणि टॉर्च घेऊन बसून ते समजून घेतलं. आपलं घड्याळ सरासरीवर चालतं. रोज बरोबर चोवीस तास. खरा सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची वाट अंडाकृती, तिचा आस कललेला, त्यामुळं माध्यान्ह कधी लवकर येते, कधी उशिरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेरा-चौदा मिनिटं मागं. दोन्ही मिळून झाला आपला अर्धा तास. लिंबू शेवटी सरबतात गेलं.

आकाशाच्या असल्या गोष्टी मराठीत सांगणारे जयंत नारळीकर याच गावात १९ जुलै १९३८ ला जन्मले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. ती चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यांत नाही. आमच्या गावाचा स्वभाव बघता, यावर दसरा चौकात मोर्चा कसा निघाला नाही याचं मला नवल वाटतं.

नोव्हेंबरात मला आणखी एक काम असतं, जिवंत असल्याचं सिद्ध करणं. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. आधी समक्ष जाऊन सही करायची, ते सोपं होतं. मग अंगठ्याचं यंत्र आलं. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात, त्यामुळं काउंटरवरचा मुलगा म्हणायचा, “आज्जी, परत लावा. जोरात. पुसून लावा.” यंत्राच्या लेखी मी नव्हतेच. आता फोनच्या कॅमेऱ्यापुढं बसून डोळे मिटायचे आणि उघडायचे. पापणी लवली म्हणजे बाई आहे. गेल्या वर्षी ते करताना मला इतकं हसू आलं की फोटो तीनदा फेटाळला गेला.

मैत्रिणींत मात्र आठवणींचं राज्य. मिरजेला असलेली माझी बोर्डावरची सोबतीण रोज संध्याकाळी फोन करते. आता मिनिटांचा हिशेब नाही, त्यामुळं आम्ही बोलतो कमी आणि भांडतो जास्त. बोर्डाच्या खोलीत घड्याळ कुठल्या भिंतीवर होतं, यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते दाराच्या वर, मी म्हणते खिडकीशेजारी. दोघींनीही ते दिवसातून शेकडो वेळा बघितलं असणार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गावातल्या लोकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. मीही रडले, खोटं कशाला सांगू. नंतर आठवडाभर सगळ्यांनी आपापल्या आठवणी काढल्या : पहिलं नाटक, आईबरोबर बघितलेलं, कुणाचं गाणं, कुणाची एक्झिट. सोबतिणीनं फोनवर विचारलं, “प्रेक्षागृहाला दारं किती होती गं?” मी गप्प. तीही गप्प. मग मी पेठेत चार जणांना विचारलं. प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला आणि प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगत होता. नाटकाची आठवण आम्ही नीट जपली होती. ज्या इमारतीत ते झालं, तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून कुठंही गेले की दारं मोजते. दवाखान्यात, कार्यालयात, एस.टी. स्टँडवर. सूनबाईला वाटतं, हे वयाचं लक्षण आहे. असेलही.

सध्याचा प्रश्न टाऊन हॉलमधला आहे. तिथल्या संग्रहालयात वीतभरही उंच नसलेली काशाची एक मूर्ती आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळात घडवलेला. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून तो १९४० नंतरच्या काही वर्षांत निघाला. त्याच सुमारास, १९४५-४६ ला, डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं, सातवाहनांच्या काळातलं गाव वर आलं. म्हणजे आम्ही ‘जुनं कोल्हापूर’ म्हणून ज्याच्या गप्पा मारतो ते फार तर परवाचं. समुद्र इथून दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याचा देव मात्र नदीकाठी मातीखाली झोपलेला. मला तो बघून बोर्डच आठवला : कुणीतरी फार लांबून कॉल लावलाय, इकडं कुणीतरी उचललाय, पहिला शब्द ऐकू आलाय आणि लाइन तुटलीय. फरक एवढाच, की आता आत राहून ऐकायला मला कुणाची बंदी नाही.

परवा पुन्हा गेले. गुडघ्यांमुळं पायऱ्यांवर थांबत थांबत. आत पाळीवरचा माणूस ओळखीचा झालाय. तो म्हणाला, “काय आज्जी, परत त्याच्याकडंच?”

“अरे, हा इथं आला कसा असेल?”

“पुरातनं आला असंल,” तो म्हणाला. २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला पुरातून काहीही येऊ शकतं असं वाटणं साहजिक आहे.

मी म्हटलं, “उलटं होतंय बाबा. आपली पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. पाणी पूर्वेला जातं. हा पश्चिमेकडून आला असणार. कोकणातल्या बंदरावर जहाजातून उतरला, तिथून घाट चढला.”

“चालत?”

“बैलाच्या पाठीवर. व्यापाऱ्याच्या सामानात.”

त्यानं काचेत वाकून मूर्तीकडं बघितलं. पहिल्यांदाच बघत असावा तसं. मग म्हणाला, “कुठल्या घाटानं?”

फोंड्याचा, गगनबावड्याचा, की आंब्याचा? दोन हजार वर्षांपूर्वी बैल कुठून चढत होते, मला सांगता येईना. मी त्याला म्हटलं, बघून सांगते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं जमवतंय, कुठल्यातरी कपाटात हे असेलच. तो म्हणाला, “मंगळवारी सांगा आज्जी, मंगळवारी मी असतोय.” मी बाहेर येऊन रिक्षा केली आणि रिक्षावाल्यालाही विचारलं. त्याचं मत गगनबावड्याला पडलं, पण तो गगनबावड्याचाच होता.