पाटीवरचे नाव

तळेगाव दाभाड्यास बारशाला गेलो म्हणजे नातवास आजोबांचेच नाव ठेवावे हा वडीलधाऱ्यांचा आग्रह आमच्या कानी पडतोच, आणि लूककृत शुभवर्तमानातील जखऱ्या याजक आम्हांस आठवतो. उतारवयात पुत्र होईल हे देवदूताचे वचन त्यास खरे वाटले नाही; त्याची वाचा गेली. तरी अलीशिबेस पुत्र झालाच! शिक्षा झाली, पण वचन मागे घेतले गेले नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. आठव्या दिवशी आप्तेष्ट बाळास बापाचे नाव ठेवू लागले. आई नको म्हणाली, तेव्हा त्यांनी बापास खुणेने विचारले. त्याने पाटी मागविली (आम्हां शिक्षकांस हे वाचून आनंद व्हावयाचाच!) व तीवर योहान हे नाव लिहिले. ह्या इब्री नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’. तत्क्षणी जीभ मोकळी झाली, आणि तो म्हातारा देवाची स्तुती करू लागला.