ग्रँट रोड ते मालाड

ग्रँट रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं, की भाजीवाले आणि फेरीवाले यांच्या गर्दीतून वाट काढत काही मिनिटांत नाना चौक येतो. डोक्यावर स्कायवॉक, खाली बसगाड्या आणि टॅक्सींचे हॉर्न. ज्या नाना शंकरशेटांच्या नावाचा हा चौक, त्यांचा हिंदुस्थानातली पहिली रेल्वे सुरू करण्यात मोठा वाटा होता. याच चौकातल्या दोन खोल्यांत १९४७-४८ च्या सुमारास एक मराठी कुटुंब राहत होतं. मिळवती होती ती थोरली मुलगी, वय जेमतेम अठरा. लता दीनानाथ मंगेशकर.

वडील १९४२ मध्ये गेले. कुटुंबाला आधार देणारे मास्टर विनायक ऑगस्ट १९४७ मध्ये गेले आणि त्यांच्या कंपनीतला पगारही थांबला. घरात आई आणि चार धाकटी भावंडं. पार्श्वगायनाची कामं मिळतील तिथे जायचं आणि जायचं ते लोकलने. मोटार ही कल्पनेतलीच गोष्ट.

त्या काळी ही लाइन बीबीसीआय रेल्वेची होती. पश्चिम रेल्वे हे नाव आलं १९५१ मध्ये. बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या मात्र १९२८ पासूनच धावत होत्या. त्यांपैकी एका गाडीत ही मुलगी मालाडला जायला बसली. बॉम्बे टॉकीजमध्ये संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे गाणं होतं.

पुढची हकिकत लताबाईंनी पुढे अनेकदा, हसत हसत सांगितली. गाडी महालक्ष्मीला थांबली आणि एक तरुण त्याच डब्यात चढला. अंगात कुडता-पायजमा, गळ्यात मफलर आणि हातात चक्क काठी! चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण ओळख पटेना. तो बसला. बोलणं झालं नाही; होण्याचं कारणही नव्हतं.

महालक्ष्मी स्टेशन आजही त्याच जागी आहे. पुलावर उभं राहिलं की धोबीघाटावर वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगा दिसतात. पलीकडे १८८३ पासूनचं रेसकोर्स. तिथून पुढे मात्र खिडकीबाहेरचं सारं बदललं आहे. लोअर परळला तेव्हा गिरण्यांची धुराडी होती. १९८२ च्या संपानंतर ती एकेक करून थंडावली आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. दादर, माटुंगा रोड, माहीम. मग खाडी. तिचा वास आला की डुलक्या काढणारा प्रवासीही डोळे न उघडता सांगतो, वांद्रं आलं!

अंधेरी गेली, जोगेश्वरी गेली. गोरेगाव हे तर लताबाईंच्या चरित्रातलंच स्टेशन. ‘शहीद’ या चित्रपटासाठी संगीतकार मास्टर गुलाम हैदर त्यांना फिल्मिस्तानात घेऊन गेले होते. निर्माते शशधर मुखर्जी यांनी आवाज फार बारीक म्हणून नापसंत केला. मास्टरजी संतापले आणि मुलीला घेऊन बॉम्बे टॉकीजला निघाले. गोरेगावच्या फलाटावर गाडीची वाट बघताना त्यांनी ‘५५५’ सिगारेटच्या डब्यावर ताल धरला, एक चाल ऐकवली आणि तिला गायला सांगितलं. ते गाणं ‘मजबूर’ (१९४८) मध्ये आलं आणि लोकांनी त्या आवाजाची दखल घेतली. पुढच्याच स्टेशनवर उतरून मिळालेलं हे काम! नसतं मिळालं तर नाना चौकातल्या घराचं काय झालं असतं, कोण जाणे.

पण आता पुन्हा त्या दुसऱ्या गाडीकडे. मालाड आलं आणि मुलगी उतरली. काठीवाला तरुणही उतरला. तिने टांगा केला. मागे पाहिलं तर त्याचाही टांगा त्याच रस्त्याने येतोय. मालाड तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. ते त्यात आलं १९५७ मध्ये. अशा गावाबाहेरच्या रस्त्यावर एकट्या मुलीच्या मागे अनोळखी माणसाचा टांगा! आज ऐकताना गंमत वाटते, पण त्या क्षणी तिला काय वाटलं असेल, हे रोज एकटीने प्रवास करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारावं.

स्टुडिओच्या फाटकातून आत शिरली, तरी तो मागे आहेच. ती तडक खेमचंदजींकडे गेली आणि हा मुलगा कोण, माझा पाठलाग करतोय, अशी तक्रार केली. खेमचंदजींना हसू आवरेना. हा किशोर, अशोककुमारचा धाकटा भाऊ, असं त्यांनी सांगितलं. तोही गायलाच आला होता!

चेहरा ओळखीचा का वाटला, तेही उलगडलं. अशोककुमार हे बॉम्बे टॉकीजचं सर्वांत मोठं नाव. (आणि ज्या मुखर्जींनी आवाज बारीक ठरवला, ते या किशोरच्या सख्ख्या बहिणीचे यजमान!) दोघांचा जन्म १९२९ चा. किशोर ४ ऑगस्टचा, लता २८ सप्टेंबरची. म्हणजे पाठलाग करणारा हा ‘माणूस’ तिच्याहून फक्त ५५ दिवसांनी मोठा. खेमचंद प्रकाशांनी दोघांची ओळख करून दिली आणि ‘जिद्दी’ (१९४८) साठी त्यांचं पहिलं द्वंद्वगीत झालं. देव आनंदला नाव मिळवून देणारा हाच चित्रपट.

खेमचंदजींना फार आयुष्य लाभलं नाही. ‘महल’ (१९४९) च्या गाण्यांनी धुमाकूळ घातला. त्याच्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिकेच्या जागी नायिकेचं, ‘कामिनी’ हे नाव होतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५० मध्ये, ते गेले. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी उभी केलेली बॉम्बे टॉकीज १९५४ मध्ये बंद पडली. लताबाई पुढे पेडर रोडवर राहायला गेल्या. ग्रँट रोड आणि महालक्ष्मी, दोन्ही स्टेशनं तिथून जवळच. किशोरदा १९८७ मध्ये गेले, १३ ऑक्टोबरला, थोरल्या भावाच्या वाढदिवशीच. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला.

मालाड पश्चिमेला आज टांगे नाहीत. रिक्षावाल्याला बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. आत छोटे कारखाने, गाळे, पत्र्याची छपरं, सामानाचे टेम्पो. जुन्या वास्तूचे पडके अवशेष शोधावे लागतात. यंत्रांच्या खडखडाटात बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. संध्याकाळी सुट्टी झाली की इथले कामगार डबे घेऊन त्याच वाटेने स्टेशनकडे निघतात.

स्टेशनात गाडी लागलेली असते. एखाद्या डब्यात भजनी मंडळींनी टाळ काढलेले असतात. जागा न मिळालेला कुणी दाराशी उभा राहून डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरतो.