निलगिरीत निलगिरी नव्हती

सर्दी झाली की आजी रुमालावर निलगिरी तेलाचे चार थेंब टाकून द्यायची. मे महिन्यात बेळगावहून म्हैसूरमार्गे उटीला गेलो, तेव्हा गाडीची काच खाली करताच तोच वास आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निलगिरीची उंचच उंच झाडं. पण ती मूळची तिथली नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती ऑस्ट्रेलियातून आणली आणि सरपणासाठी लावली. मराठीत मात्र झाडाला डोंगराचंच नाव चिकटलं.

उटी-गुडलूर रस्त्यावर एका वळणानंतर झाडी संपली आणि गवताचे गोल गोल डोंगर सुरू झाले. फक्त घळींमध्ये बुटक्या झाडांचे दाट, काळपट पुंजके. त्यांना तिकडे शोला म्हणतात. बाबा म्हणाले, "बघ, सगळं जंगल तोडून टाकलं! इथंपण आपल्यासारखी मोहीम काढायला पाहिजे."

आई गेली त्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने गावाबाहेरच्या माळावर झाडं लावली होती. एकशेएक रोपं बाबांनी आईच्या नावाने दिली. यादी माझी. निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियन बाभूळ, कारण ती भराभर वाढते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे निघण्यापूर्वी थोडं वाचलं होतं. त्याच रस्त्यालगत सँडीनल्ला नावाचा भाग आहे. तिथल्या दलदलीत हजारो वर्षं पालापाचोळा आणि गवत साचून काळा थर झाला आहे. त्याला पीट म्हणतात. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून त्यात पडलेले परागकण टिकतात. त्यांचं बाहेरचं कवच इतकं चिवट की प्रयोगशाळेत आम्लात माती विरघळते, पण कण उरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचा. गवताचा कण गोल, त्याला एकच छिद्र. शोलाच्या काठावर लाल फुलणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनचे कण चार-चार चिकटलेले. थर जितका खोल तितका काळ जुना, आणि वय कार्बनवरून काढतात.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले विष्णु-मित्रे यांनी या डोंगरांतले परागकण तपासले होते. पुढे १९९३ साली रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी इथल्याच पीटमधला कार्बन तपासला. झाडं आणि उष्ण प्रदेशातली गवतं त्यात वेगवेगळी खूण ठेवतात. त्यातून सुमारे २०,००० वर्षांचा इतिहास हाती आला. हिमयुगाच्या कोरड्या काळात गवत पसरलं, ११,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस वाढला तशी झाडं वाढली, नंतर पुन्हा गवत. म्हणजे जगात शेती सुरू होण्याआधीपासून इथे गवत आहे.

बाबांनी शंका काढलीच. "गवताचे कण वाऱ्यावर उडतात, ढिगाने पडणार. झाडांचे किडे नेतात. मग मोजणी खरी कशी?" शंका रास्त होती. म्हणून आज जिथे गवत आहे आणि जिथे शोला आहे, तिथल्या वरच्या मातीतले कण आधी मोजतात आणि जुन्या थरांशी ताडून पाहतात. शिवाय थंडीत उघड्यावर पडणाऱ्या हिमकणांनी कोवळी रोपं मरतात, तेही गवत टिकण्याचं एक कारण मानलं जातं.

या गवतावर तोडा लोकांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या चरत आल्या. निलगिरी, वॅटल आणि पाइन लावताना त्यांची कुरणं गेली. 'पडीक जमीन' म्हणून.

बाबा बराच वेळ गप्प होते. म्हैसूरला जेवताना म्हणाले, "मग आईच्या झाडांचं काय करायचं?"

मला उत्तर देता येईना. आमच्या माळावरची माती वेगळी, पाऊस वेगळा. निलगिरीचा निकाल तिथे जसाच्या तसा लावणं चूकच. पण पूर्वी त्या माळावर टिटव्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं. पहाटे फिरायला जाताना आईला त्यांची ओरड ऐकू यायची.

ती झाडं आम्ही काढलेली नाहीत. या वर्षीची रोपं मात्र माळावर गेली नाहीत. जांभूळ, फणस आणि रातांबा ज्याच्या त्याच्या परसात लावायला दिले. बाबांनी यादी आधी स्वतः वाचली आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या ओळीवर, मी ती लिहिलेली नसतानाही, कुठे आहे म्हणून बोट फिरवून पाहिलं.