चाळकेवाडीचा पंखेवाला

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरला जाणारी मंडळी बहुधा धबधबा पाहून माघारी फिरतात. रस्ता मात्र तिथे संपत नाही. तो पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातो. वर जांभा खडक, विरळ गवत आणि भणाणणारा वारा. "इथे काय आहे पाहण्यासारखे?" असे कोणीही विचारील. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत गेलात, तर उन्हातल्या एखाद्या धोंड्यावर नजर ठेवा.

वीतभर लांबीचा, त्यातही निम्म्याहून अधिक शेपूटच असलेला एक मातकट सरडा त्यावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी! हा नराचा थाट. मादीला रिझवायचे आणि दुसऱ्या नराला दटावायचे, दोन्ही कामे त्याने साधतात. पोटासाठी मुंग्या आणि असलेच बारीक किडे. 2016 साली शास्त्रज्ञांनी या जातीचे नामकरण केले, 'सरडा सुपर्बा'. पहिला शब्द आपल्या मराठीतला. दुसरा लॅटिन, अर्थ 'दिमाखदार'.

पण या दिमाखाला ओहोटी लागू शकते. पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग उभी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत. साहजिकच सरडे वाढले, निर्धास्तही झाले. माणूस अगदी जवळ आला तरी हलेनात. वैरी गेला, आता चैनच, असे आपल्याला वाटेल. घडले निराळेच. खाणारी तोंडे वाढली, किडे तेवढेच. सरडे रोडावले आणि गळ्याचे रंगही फिकटले. ससाणा आभाळातून हटला, त्याची खूण सरड्याच्या गळ्यावर उमटली!

वीज आपल्याला हवी, आणि वाऱ्याची वीज धूर करीत नाही, हेही खरे. मात्र चक्क्यांना जागा शोधताना माळ रिकामाच आहे असे धरून चालू नये. आपण सहलीला गेलो, तर आपल्यापुरते एवढे करावे: धोंडे हलवू नयेत. कोणाचे तरी ते घर आहे, आणि मिरवण्याची जागाही.