हरभरा, सातबारा आणि सवाई



दीड महिना इथे काही टाकलं नाही. दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, सगळं बरं आहे ना? बरं आहे. आज वारा जास्त आहे, तुरीवरची फवारणी बंद आहे, म्हणून साचलेलं सगळं एकदम सांगतो.

आधी शेत. हरभरा १२ ऑक्टोबरला पेरला, वाण फुले विक्रम. उभट वाढतो, मशीनने काढता येतो. पहिलं पाणी ३५ दिवसांनी, फुलं लागायच्या आधी. फुलोऱ्यात पाणी दिलं की झाड नुसतं वाढत बसतं, म्हणून मध्ये हात आखडला. दुसरं पाणी घाटे भरताना, ६२व्या दिवशी, तुषारने हलकं. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काची एक फवारणी झाली. कामगंध सापळे एकरी दोन आहेत. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले तर पुढच्या औषधाचा विचार करायचा. आमच्याकडे अजून तीन-चारच येतात. पक्षीथांब्यांवर कोतवाल सकाळपासून हजर असतो, त्याला मजुरी नाही.

पोरगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रामीण कार्यानुभवासाठी दुसऱ्या गावात होती. तिथल्या लोकांना बीजप्रक्रिया करून दाखवली. आता घरी आली की माझ्या फवारणीच्या पंपाचं नोझल तपासते!

आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. जेवणावळ केली नाही. माझ्या वाट्याची साडेचार एकर आहे, तिच्या सातबाऱ्यावर हिचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावलं. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेने तेव्हा गावोगाव ही मोहीम चालवली होती. नवऱ्याने स्वतःहून अर्ज द्यायचा, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी मंजूर करतात. पंचवीस वर्षं खुरपणी, वेचणी, रात्रीचं पाणी हिने केलं. पण सोसायटीत जा, बँकेत जा, पीकविम्याला जा, विचारतात ते सातबाऱ्यावरचं नाव. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्या गावात आहेत. नवा उतारा हिच्या हातात दिला तर हिने आधी नावाचं शुद्धलेखन तपासलं, मग देवापुढे ठेवला.

आता मोठी बातमी. आबांना ८० पूर्ण झाली. कान दोन वर्षांपासून कमी झालेत, मशीन लावतात. डॉक्टर म्हणाले, अजून कमी होत जाईल. आबा जुने भजनकरी. भीमसेनअण्णांची अभंगवाणी रेडिओवर लागली की बैल सोडायला उशीर व्हायचा, असं आजी सांगायची. एकदा पुण्याला सवाईला जायचं, हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण महोत्सव डिसेंबरात, आणि डिसेंबरात रान सोडून कोण जाणार? या वर्षी वाटलं, आता नाही तर कान थांबणार नाहीत.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आणि हरभऱ्याला पाण्याची पाळी. ही म्हणाली, "तुम्ही आबांना घेऊन जा. पाणी मी बघते. आता माझं बी रान आहे."

गुरू सवाई गंधर्व १९५२ साली गेले, त्यांच्या स्मरणार्थ अण्णांनी १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. पूर्वी रात्रभर चालायचा. लाऊडस्पीकरच्या वेळेचे नियम आल्यापासून तसं राहिलं नाही. आम्ही मुकुंदनगरच्या मैदानात भारतीय बैठकीत बसलो. आजूबाजूला शिकलेली, जाणकार मंडळी. आबा धोतर-टोपीत, मांडी घालून, पहिल्यापासून ताठ.

पहिली दहा मिनिटं त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मोठ्या स्पीकरचा आवाज मशीनमधून चिरका येत होता. त्यांनी मशीन काढून माझ्या हातात दिली आणि उजव्या कानामागे तळवा धरला. किती ऐकू येत होतं, मी विचारलं नाही. पण विलंबित खयाल चालू असताना त्यांची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती, आणि समेवर मान बरोबर हलत होती. एकदाही चुकली नाही. शेजारचे काका माझ्याकडे बघून हसले आणि आबांना टेकायला आपली उशी दिली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आरं, हे ठिबकासारखं हाय. थेंब थेंब, पण मुळाशी." मग विचारलं, "पाणी बसलं का?"

घरी फोन लावला. रात्री साडेदहा. चार नोझल चोकप झाली होती, हिने काढून धुतली, तिसऱ्यांदा पाईप हलवून झाले होते. आबांना मशीन लावून दिली. सुनेला म्हणाले, "तुझ्यामुळं ऐकलं गं." पलीकडून बराच वेळ नुसता मोटारीचा आवाज येत होता.

तुमच्यापैकी कोणी घरच्या लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर लावलं असेल तर सांगा, किती दिवस लागले. आमच्याकडे दोन महिने गेले. कोणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर पाठवतो.

तुरीच्या शेंगा वाळायला लागल्यात. काढणी झाली की एकरी उतारा टाकतो.