थंडी सरताना गणपतीपुळे
कोकणकिनाऱ्याची दैनंदिनी

सोमवार

पहाटे पाचला देवळाचे दार उघडते तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. हा मतलई वारा. सड्यावरचा गारवा घेऊन तो खाली उतरतो आणि पुळणीवर फिरणाऱ्यांना कानाला रुमाल बांधायला लावतो. उन्हे चढली की तो पडतो, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि मग समुद्रावरून खारा वारा सुटतो. फेब्रुवारीत इथे पहाटे १८ ते २० अंश आणि दुपारी ३० च्या वर, असा पारा रोज वरखाली होत असतो. गावाचे अख्खे वर्ष या फरकावर ठरते.

इथला गणपती स्वयंभू. पाठीमागची टेकडी हेच त्याचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती सबंध टेकडीला, सुमारे एक किलोमीटरची. देव पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, म्हणून तो पश्चिमद्वारदेवता. प्रदक्षिणेच्या वाटेवर सकाळी सात वाजताही फरशी दंवाने ओली असते. या दिवसांत वाटेवर भेटणारे गावकरी नमस्कारानंतर एकमेकांना विचारतात तो प्रश्न एकच : "काका, मोहोर कसा?" उत्तरही ठरलेले : "आलाय फक्कड. धरला तर खरा."

मंगळवार

मोहोर म्हणजे काय ते पाहायचे तर सकाळी बागेत जावे लागते. जांभ्याचा गडगा ओलांडला की हापूसच्या कलमांची रांग लागते. टोकाटोकाला फिकट पिवळसर, तांबूस देठांचे तुरे. गोडसर वास, माश्यांची गुणगुण, आणि कुठेतरी फवारणीच्या पंपाची घरघर. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुले असतात. त्यांतली बहुतेक नर. उरलेल्यांतलीही बरीच गळतात. शेकडा एका फुलाचाही आंबा होत नाही.

हापूसचे गणित थंडीने सुरू होते. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन सुकते, झाडाला ताण बसतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या की पालवीऐवजी मोहोर फुटतो. फळ वाटाण्याएवढे होते, मग गोटी, मग सुपारी, मग अंड्याएवढे. मोहोरापासून तयार फळापर्यंत साधारण साडेतीन-चार महिने जातात. थंडी उशिरा आली तर आंबा उशिरा येतो आणि पावसाच्या तोंडाशी सापडतो.

पण हीच थंडी फेब्रुवारीत पुन्हा वाढली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. ज्या फांदीवर सुपारीएवढी फळे धरलेली असतात, तिच्यावरच नवा मोहोर येतो. झाडाचा अन्नरस नव्या फुलांकडे वळतो आणि हाताशी आलेली कैरी गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर जिब्रेलिक अ‍ॅसिडची फवारणी सुचवली आहे. ती वेळेवर व्हावी लागते. दोन-चार दिवस हुकले तर पैसा आणि औषध दोन्ही वाया.

दुसरा शत्रू मळभ. आभाळ भरून आले, हवा दमट झाली की मोहोरावर पांढरी भुरी चढते आणि तुडतुडे वाढतात. तुडतुडा तुऱ्यातला रस शोषतो आणि चिकट गोड स्राव टाकतो, त्यावर काळी बुरशी माजते. अशा झाडाखालून गेले तर पायाखालची पाने चिकटतात. पान उलटून पाहिले तर बोटाला काजळी लागते. म्हणून इथला माणूस दिवसातून दहा वेळा आभाळाकडे पाहतो. मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज तो वाचतोच, पण पहाटेचे दंव आणि वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय पंप बाहेर काढत नाही.

बुधवार

मालगुंडच्या वाटेवर ओल्या काजूगरांच्या छोट्या ढिगाऱ्या घेऊन बायका बसलेल्या. गर शेकड्यावर विकतात, एकेक मोजून. त्यामागचे काम जवळून पाहावे. हिरवी बी कोयतीने उभी चिरायची, टोकदार काडीने आतला गर अलगद काढायचा, तो तुटता कामा नये. बीच्या सालात जो चीक असतो तो कातडी भाजतो. बायका बोटांना तेल चोळतात, राख लावतात, तरी हंगामभर बोटांची साले निघतात. गरम पाण्यात भिजवून वरची साल सोलली की गर उसळीला तयार. ही उसळ आवडीने खाणाऱ्याने भावासाठी घासाघीस करू नये.

काजूलाही हवामान तेच, पण तो आंब्यापेक्षा सोशीक. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींनी सड्यावरच्या कातळातही घरखर्चाला हातभार लावला.

मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आहे. केशवसुत म्हणजेच कवी कृष्णाजी केशव दामले अवघ्या ३९ वर्षांचे आयुष्य जगले आणि १९०५ साली हुबळीत गेले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारक १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले. घर कौलारू, अंगण सारवलेले. दुपारच्या रणरणत्या उन्हातही आत गार वाटते.

गुरुवार

आरे-वारेच्या सागरी रस्त्याने रत्नागिरी जवळ पडते. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान जपलेले आहे. २३ जुलै १८५६ रोजी याच गावात जन्मलेल्या माणसाने पुढे उत्तर ध्रुवाच्या थंडीवर ग्रंथ लिहिला, हे फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातली उषेची वर्णने दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या पहाटेची आहेत, आणि अशी पहाट ध्रुवप्रदेशातच होते, असे त्यांचे प्रतिपादन. आर्यांचे मूळ स्थान तिथे होते हा निष्कर्ष आजचे संशोधक स्वीकारत नाहीत. पण दंव आणि मतलईच्या मुलखातल्या माणसाने त्या अंधाराचा इतका बारकाईने विचार केला, याचे मोल कमी होत नाही.

आज त्या अंधारात आपली माणसे राहतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचे ‘हिमाद्री’ हे ठाणे १ जुलै २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंद या वस्तीत काम करते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिकडे निघाली. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा दिसतो, आणि पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश असतो. त्या वस्तीची आणि पुळ्याची थंडी एका मापाने मोजता येणार नाही. पण सरत्या हिवाळ्यात आभाळ वाचण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

शुक्रवार

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, वेळासपासून गावखडीपर्यंत, हे दिवस ऑलिव्ह रिडले कासवांचे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने अंडी राखायला सुरुवात केली, आणि ज्या गावात पूर्वी अंडी उकरून नेत, तिथे गावकरीच राखणदार झाले. वाळूत पुरलेली अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांनी फुटतात. इथेही प्रश्न तापमानाचाच : वाळू गार असेल तर नर जास्त, तापलेली असेल तर माद्या जास्त. हिवाळा आखडत गेला तर त्याचा हिशेब कैरीबरोबर कासवालाही द्यावा लागणार आहे.

शनिवार

सकाळपासून निवळी फाट्याकडून गाड्यांची रांग. दर्शन, पुळणीवर उंटाची फेरी, मोदक, संध्याकाळी परत. गावाच्या हॉटेल-खानावळींना या गर्दीने जगवले आहे. वाडीवाडीत शिमग्याच्या पालखीची बोलणी सुरू झाली आहेत, भातखाचरांत भाजावळीसाठी पाला-पाचोळा रचला जातो आहे. दुपारी रुमालाची गरज उरलेली नाही.

या गर्दीतल्या प्रत्येकाला एक विनंती. देवदर्शन झाल्यावर तासभर थांबा, एखाद्या बागायतदाराला विचारून त्याची बाग पाहा. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्यालाच ते नाव लावता येते. एप्रिलमध्ये पेटी घ्याल तेव्हा नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. बागायतदाराचे नाव, गाव आणि मानांकनाची नोंदणी विचारा, आणि शक्य असेल तर पैसे थेट त्याच्या हातात द्या.